लाकूडगाडीवाले मास्तर

मी भित्रा माणूस आहे. नंतर कटकट नको म्हणून लग्नाआधीच बायकोला हे सांगून टाकलं होतं. लिफ्टमध्ये मी कोपरा धरून उभा राहतो. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्धा जिना उतरून पुन्हा वर येतो. बसमध्ये मागच्या बाकावर असलो तरी समोरून ट्रक आला की पायानं ब्रेक दाबतो. तेव्हा भित्र्या माणसांची मला थोडीफार पारख आहे असं समजायला हरकत नाही. पण पडेगावच्या आमच्या घरमालकांइतका भ्यालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते फक्त उताराला भीत. बाकी कशालाच नाही. अंगणात साप निघाला तर काठीनं उचलून पलीकडच्या माळावर सोडून यायचे आणि हात न धुता चहाला बसायचे. पण आमच्या गल्लीला जो जरासा उतार होता, जो उतार आहे हेच मला तिथं राहायला गेल्यावर कितीतरी दिवस कळलं नव्हतं, त्या उतारावर चाक असलेली कुठलीही वस्तू उभी राहिली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

आम्ही सामान घेऊन टेम्पोतून उतरलो तेव्हा ते फाटकातून बाहेर आले, ते दोन्ही हातांत बाभळीचे दोन ठोकळे घेऊनच. आमचं नाव, गाव, काही विचारलं नाही. वाकून दोन्ही मागच्या चाकांखाली ठोकळे सारले, पायानं दाबून बघितले, आणि मग म्हणाले, "या. आता या."

टेम्पोवाला हसला. "चाचा, हँडब्रेक लगाया ना मैं."

"तुझा ब्रेक तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे बाबा," ते म्हणाले. "ठोकळा माझा हाय."

छावणीतल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, म्हणून गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको वारलेली, मुलं पुण्याला. घरात ते, पुस्तकं आणि ठोकळे. आमच्या स्कूटरला त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक ठोकळा नेमून दिला. फळांचा गाडा घेऊन एक चाचा रोज सकाळी यायचे, त्यांच्यासाठी फाटकाशी वेगळा ठोकळा असायचा. "मास्टर, मेरा ठेला तुमकू देखके खुदच रुक जाता," असं ते चिडवायचे. पण मास्तर ठोकळा लावेपर्यंत तेही गाड्याचा दांडा सोडायचे नाहीत, हे मी बघितलंय. भीती अशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. वर्षभरात मीही रस्त्यानं चालताना उभ्या गाड्यांच्या चाकांकडे बघायला लागलो.

खंडेनवमीला तर त्यांचा वेगळाच प्रकार असायचा. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. विळ्यापासून मोटारीपर्यंत सगळं धुऊन पुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू वाहतात. मास्तर देवभोळे होते, पण त्या दिवशी दुपारपासून जुनं धोतर फाडून केलेलं फडकं आणि डबाभर राख घेऊन गल्लीत फिरायचे. प्रत्येक सायकलीचा, स्कूटरचा ब्रेक राखेनं पुसायचे. बायाबापड्या वैतागायच्या. "मास्तर, पूजा केलेली हाय, कामून पुसता?" असं कुणी म्हटलं की, "कुंकू ऱ्हाऊ देतो ना, तेलच तेवढं पुसतो," म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत.

ते मला कळलं पिशोरच्या वाटेवर.

मास्तरांना एकच वेड होतं, लाकूडगाडीचं. पिशोरच्या मागं कन्नड तालुक्यातल्या डोंगरात पूर्वी दाट जंगल होतं. निजामाच्या राजवटीत एका ठेकेदारानं तिथं डोंगरमाथ्यापासून पायथ्याच्या वखारीपर्यंत अरुंद रूळ टाकले होते. इंजिन नव्हतं. साग आणि अंजनाचे ओंडके लादलेले गाडे स्वतःच्या वजनानं उतारावरून खाली यायचे, आणि रिकामे गाडे बैल ओढून वर न्यायचे. प्रत्येक गाड्यावर मागं एक माणूस बसायचा. त्याच्या हातात लाकडाचा लांब दांडा. दांडा दाबला की बाभळीचा ठोकळा लोखंडी चाकावर घासायचा आणि गाडा आवरायचा. हाच ब्रेक. खालपर्यंत येताना ठोकळ्यातून धूर निघायचा, आणि वखारीतल्या लोकांना गाडा दिसायच्या आधी त्या धुराचा वास यायचा म्हणे.

आता त्याचं काहीही उरलेलं नाही. कुठल्या सरकारी पुस्तकात त्या गाडीबद्दल एक ओळ नाही. रूळ गावकऱ्यांनी केव्हाच उचलून नेले. मास्तर ते शोधत हिंडायचे. कुणाच्या गोठ्याला तुळई म्हणून रूळ टाकलेला, कुणाच्या विहिरीवर आडवा, एका शाळेत तुकडा टांगून घंटा केलेली. रविवारी माझ्या स्कूटरवर मागं बसून ते निघायचे. चढ असला की निवांत. उतार दिसला की माझ्या पाठीवर थाप मारायचे, "थांबवा." मग ते खाली उतरणार, छत्री टेकत तो सगळा उतार पायी चालणार, आणि मी सपाटीला जाऊन वाट बघत उभा राहणार. मी एकदा म्हटलं, "काका, असं गेलो तर पोचणार कधी आपण?"

"आपल्याला कुणी बोलावलंय तिथं?" ते म्हणाले, आणि चालत राहिले.

गोठ्यात शिरले की खिशातून लहान हातोडी काढायचे. रुळावर ठोकायचे, कान लावायचे, पुन्हा हातभर पुढं ठोकायचे. फुटका रूळ बद्द वाजतो, चांगला खणखणतो. रूळ खणखणला की त्यांचा चेहरा उतरायचा. एका शेतकऱ्यानं शेवटी विचारलंच, "मास्तर, आमच्या गोठ्याची तुळई धडधाकट हाय म्हनल्यावर तुमी तोंड कामून पाडता? पडली पायजे का आमच्या म्हशीवर?"

मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. परत येताना एका लिंबाखाली थांबलो, तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचे वडील त्या गाड्यावर ब्रेकवाले होते. आई लग्न होऊन नुकती डोंगरावर राहायला आली होती आणि मास्तर तिच्या पोटात होते. खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली. नवऱ्याच्या गाड्याची पूजा तिनं केली. सगळ्या गाड्याला तेलाचा हात फिरवला, आणि ब्रेकच्या ठोकळ्याला जास्त लावलं. चांगलं मुरेस्तोवर चोळलं. रोज नवऱ्याला सुखरूप खाली आणतो तो तोच, म्हणून. दुसऱ्या दिवशी दसरा. ओंडक्यांवर बसून माणसं खाली जत्रेला निघाली. गाडा सुटला, वडिलांनी दांडा दाबला, आणि गाडा आवरलाच नाही. मधल्या वळणावर दरीत गेला. वर उभं राहून आईनं सगळं बघितलं. वडील उडी मारू शकले असते, पण गाड्यावर माणसं होती.

"आईनं परत कधी केसाला तेल लावलं नाय," मास्तर म्हणाले. "मरताना मला म्हनली, मीच घातलं रे त्यांना दरीत. मी म्हनलं, नाय आई, रूळ फुटलेला व्हता. तर म्हनती, तू बगितला का? काय बोलणार? मी तर जलमलोच नव्हतो."

तेव्हापासून ते फुटलेला रूळ शोधत होते. रूळ फुटका असेल, नाहीतर उतार फार असेल, नाहीतर ठेकेदारानं ओंडके जास्त लादले असतील. काहीतरी दुसरं कारण सापडलं पाहिजे. आई गेली होती तरी सापडायला हवं होतं. चमचाभर तेलानं एवढा गाडा जात नसतो, हे त्यांनी मला नीट पटवून दिलं. मलाही पटलं. मग खंडेनवमीला राख घेऊन का फिरता, असं मी विचारलं नाही. मी स्वतः गॅस बंद केलेला माहीत असून जिना चढतो.

पुढं जे झालं त्याची सुरुवात आमच्याच घरातून झाली. माझ्या बायकोला त्याच डोंगराच्या पायथ्याशी निघालेल्या एका पर्यटन केंद्रात व्यवस्थापक म्हणून नोकरी लागली. हुरडा, बैलगाडी, चुलीवरची भाकरी, असा सगळा थाट. तिनं तिथल्या शेठला सहज लाकूडगाडीची गोष्ट सांगितली. शेठनी ती उचलून धरली. जुन्या वाटेवरच रूळ टाकायचे, तसाच गाडा करायचा, माणसांना डोंगरावरून खाली आणायचं. आणि सगळं जुन्यासारखंच हवं, ब्रेकसुद्धा बाभळीचाच. बायकोला पगारवाढ कबूल झाली. ती मास्तरांना वाट दाखवायला घेऊन गेली, आणि मास्तरांनी दाखवली.

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. उताराला भिणारा माणूस स्वतः पुढं होऊन उतार मोजून देत होता, गाडा कुठं कसा झुकायचा ते सुताराला सांगत होता. त्यांच्या मनात काय होतं ते मला चाचण्या सुरू झाल्यावर उमगलं. गाड्यात वाळूची पोती भरून, मागं ब्रेकवाला बसवून तो खाली सोडायचे. वळणाच्या अलीकडे दांडा दाबला की धूर निघायचा आणि गाडा थांबायचा. सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मास्तर उदास व्हायचे. एकदा पोती वाढवायला लावली. तरी थांबला. म्हणजे उताराचा दोष नाही, वजनाचा नाही. गोठ्यागोठ्यातले रूळ तर सगळे खणखणीतच निघाले होते. आईच्या बाजूनं बोलणारं एकेक कारण गळत चाललं होतं, आणि ते मुकाट्यानं बघत होते.

उद्घाटन दसऱ्याला ठरलं.

त्या दिवशी मी डोंगरमाथ्यावर मास्तरांच्या शेजारी उभा होतो. गाड्याला झेंडूच्या माळा होत्या. गाड्यात पाहुणे बसलेले, त्यांच्यात दोन म्हाताऱ्या बायका, एका बाईच्या मांडीवर लहान मुलगी. सगळ्यांत पुढं माझी बायको, नवी पैठणी नेसून. मलाही बसायचा आग्रह झाला होता. मी फोटो काढायचं काम मागून घेतलं होतं. मास्तर तर गाड्यापासून चांगले दहा हात लांब उभे होते, छत्री दोन्ही हातांनी धरून.

ब्रेकवाला गावातलाच, हौशी माणूस. तो मास्तरांना म्हणाला, "मास्तर, काल खंडेनवमीला लई झ्याक पूजा केली. ठोकळ्याला रातभर तेल पाजलंय. आता बगा कसा लोण्यावानी जातो."

मास्तरांनी छत्री माझ्या हातात दिली. गाड्यामागं गेले, वाकले, ठोकळ्यावरून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यासमोर धरलं. ते चकाकत होतं. नंतर ते तसेच उभे राहिले. शेठ घड्याळ बघत होते, पुढून बायको हसून विचारत होती, "काका, झालं का?" आणि मास्तर काही बोलतच नव्हते.

तो माणूस का बोलत नाही, हे तिथं फक्त मला माहीत होतं. तेलानं गाडा जातो असं त्यांनी तोंडातून काढलं की मग आईनंच वडिलांना दरीत घातलं. जन्मभर जे नाकारलं ते चार लोकांत स्वतः म्हणायचं. मीही ओरडू शकलो असतो. माझी बायको त्या गाड्यात होती. पण चमचाभर तेलानं काय होतंय, हे त्यांनीच पटवलेलं वाक्य डोक्यात फिरत होतं. ब्रेकवाल्यानं चाकाखालचा ठोकळा काढायला हातोडा उचलला.

"पोरी, खाली उतर," मास्तर म्हणाले.

"काका?"

"सगळे उतरा. ब्रेकला तेल हाय. ह्यो गाडा थांबायचा नाय."

शेठ पुढं आले. चिडले होते, पण पाहुण्यांसमोर गोड बोलत होते. "मास्तर, पूजेचं बोटभर तेल ते. इतक्या चाचण्या झाल्या, तुमच्यासमोर झाल्या."

"त्या कोरड्या व्हत्या."

"अहो, तेलानं कुठं..."

"माझ्या आईनं असंच तेल लावलं व्हतं," मास्तर म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माझा बाप ह्याच वळणावर गेला. संगं बसलेली माणसं गेली. आईनं लावलं व्हतं तेल."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, एवढंच मला जमलं. ती उतरली. तिनं त्या बाईच्या मांडीवरची मुलगी घेतली, मग बाई उतरली, मग म्हाताऱ्या. "तुमची नोकरी जाईल हं मॅडम," शेठ हळूच म्हणाले. "जाऊ द्या," ती म्हणाली.

शेठचा चेहरा लाल झाला होता. चार गावची माणसं बोलावलेली, आणि गाडा रिकामा. त्यांनी चाचणीची वाळूची पोती परत भरायला लावली. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबून दोरानं करकचून बांधायला सांगितला. "आता बघाच," ते लोकांना म्हणाले. "जागचा हलला तरी खूप. मग मास्तरांना पेढे देऊ आणि बसू."

ब्रेकवाल्यानं चाकाखालचा ठोकळा उडवला.

गाडा हलला. आधी अगदी हळू, माणूस चालेल तसा. लोक हसले. शेठही हसले. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, म्हणून जरा जवळ झालो.

"थांब रे," ते म्हणत होते. "थांब, थांब."

गाडा थांबला असता तर तिथल्या तिथं ते वेडे ठरले असते. लोकांनी वर्षभर टर उडवली असती, माझ्या बायकोची नोकरी फुकाफुकी गेली असती. त्यांना ते सगळं चाललं असतं. त्या डोंगरावर तो गाडा थांबावा म्हणून मनापासून हात जोडणारा माणूस तो एकटाच होता.

गाड्यानं वेग घेतला. धूर आला नाही. माळेतली फुलं तुटून रुळांवर पडत गेली. चाकांचा खडखड आवाज वाढत वाढत एकसारखा झाला आणि लोकांचं हसू बंद पडलं. वळणाशी गाडा वळलाच नाही. सरळ गेला. एक क्षण पोत्यांसकट तो हवेत दिसला, आणि मग दिसेनासा झाला. आवाज नंतर आला. दरीतून धुळीचा लोट वर येईपर्यंत कुणी हललं नाही.

मी आयुष्यभर नाही त्या गोष्टींना भीत आलो, आणि खरी भीती कशी असते ते मला तेव्हा कळलं. पैठणी नेसलेली माझी बायको माझ्या शेजारी उभी होती. तरी मला ती त्या गाड्याच्या पुढच्या बाकावर दिसत होती.

मग एकदम सगळे मास्तरांभोवती जमले. म्हाताऱ्या त्यांच्या पायाला हात लावायला वाकल्या. ब्रेकवाला जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. शेठ हात जोडून काहीतरी बोलत होते. माझी बायको मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाली, "काका, तुमच्यामुळं वाचलो आम्ही सगळे."

मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर वळणाकडे होती, तिथं अजून धूळ उडत होती.

"आई मरस्तोवर मी तिला खोटं पाडलं," ते म्हणाले. "थांबाया पायजे व्हता गं पोरी."